पाण्यावरचा एका रेणूचा थर: कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड यांची दाटी कशी मोजायची

मे महिन्यातली दुपार. जळगावात बाहेर ४४ अंश आणि प्रयोगशाळेतल्या भिंतीवरचा थर्मामीटर ३४ दाखवत होता. माझा एमएस्सीचा विद्यार्थी लँगम्युअर ट्रफसमोर, म्हणजे पाण्यावरचा थर सरकत्या पट्ट्यांनी दाबून त्याचा दाब मोजायच्या उथळ पात्रासमोर, तोंड पाडून बसला होता. डीपीपीसी या फॉस्फोलिपिडचा थर दाबत नेला की आलेखात एक सपाट पायरी येते. ती ५ मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास यावी अशी त्याची अपेक्षा होती, आणि आली होती विसाच्या वर. एरवी माझ्याशी जपून प्रमाण मराठीत बोलणारा मुलगा वैतागून घरच्या अहिराणीवर आला: "मॅडम, माले वाटस, हाई लिपिडच खराब शे."

लिपिड उत्तम होतं. पुस्तकातला आलेख २० ते २२ अंशांवरचा होता आणि आमचं पाणी ३४ अंशांवर होतं. डीपीपीसीची ही पायरी दर अंशाला साधारण १ ते दीड मिलिन्यूटनने वर सरकते. त्याचा आलेख त्याच्या पाण्यासाठी अगदी बरोबर होता.

तेव्हापासून खानदेशातल्या कॉलेजांमधली मुलं हा प्रयोग शिकायला आली की मी एकच गोष्ट आधी सांगते. कोलेस्टेरॉल फॉस्फोलिपिडमध्ये काय करतं, हे आपण थेट पाहत नाही. आपण दोन आकड्यांमधला फरक पाहतो: दोघं एकमेकांना ओळखत नसते तर थराने किती जागा घेतली असती, आणि प्रत्यक्षात किती घेतली. हा फरक रेणूमागे चार-पाच चौरस अँगस्ट्रॉमचा असतो (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). पाणी, तापमान आणि सुईतलं माप यांतली ढिलाई तेवढी चूक सहज करते. म्हणून या लेखात कोलेस्टेरॉलपेक्षा तयारीवर जास्त शब्द खर्च होतील. (यापुढे ‘मिलिन्यूटन’ म्हणजे मिलिन्यूटन प्रति मीटर असं धरा.)

आधी चित्र डोळ्यांसमोर आणा

फॉस्फोलिपिडच्या रेणूला पाण्याची ओढ असलेलं एक डोकं असतं आणि पाण्याला टाळणाऱ्या दोन लांब शेपट्या. पाण्याच्या पृष्ठावर तो उभा राहतो: डोकं पाण्यात, शेपट्या हवेत. आपल्या पेशींच्या पटलात असे दोन थर शेपट्यांना शेपट्या लावून बसलेले असतात. ट्रफवर त्यातला एकच थर घेऊन अभ्यास करायचा.

शेपट्या सरळ की वाकड्या, यावर बरंच काही ठरतं. डीपीपीसीच्या दोन्ही शेपट्या संपृक्त, म्हणून सरळ. पीओपीसी या दुसऱ्या फॉस्फोलिपिडच्या एका शेपटीत मधोमध एक दुहेरी बंध असतो आणि तिथे ती वाकते. कडब्याच्या पेंढ्या आणि पऱ्हाट्यांचा ढीग शेजारी शेजारी ठेवून बघा. पेंढ्या एकमेकींना चिकटून रचता येतात. पऱ्हाट्या कितीही दाबा, मध्ये पोकळी राहतेच. डीपीपीसी म्हणजे कडबा, पीओपीसी म्हणजे पऱ्हाटी. वनस्पती तुपाचा धंदाही याच फरकावर उभा राहिला. तेलाच्या शेपट्यांतले दुहेरी बंध हायड्रोजन देऊन घालवले की त्या सरळ होतात आणि पातळ तेल घट्ट होतं. आज विप्रो म्हणून ओळखली जाणारी कंपनी १९४५ साली आपल्या अमळनेरात वनस्पती तूप बनवण्यासाठीच सुरू झाली, हे मी वर्गात नेहमी सांगते. मुलांच्या डोळ्यांत लगेच चमक येते, कारण अमळनेर त्यांच्या रोजच्या रेल्वेवरचं स्टेशन असतं.

आता कोलेस्टेरॉल. त्याचं डोकं अगदी लहान, एकच हायड्रॉक्सिल गट. त्याखाली एकमेकांना जोडलेल्या चार कड्यांची ताठ पाटी, आणि टोकाला एक छोटी शेपटी. पाटीची एक बाजू गुळगुळीत असते, दुसऱ्या बाजूवर दोन मेथिल गट खुंटीसारखे वर आलेले असतात. पऱ्हाट्यांच्या ढिगात मधून मधून सरळ बांबू खोचले की शेजारच्या काटक्यांना वळवळायला जागा राहत नाही, त्या बांबूच्या अंगाने उभ्या राहतात. कोलेस्टेरॉल शेजारच्या शेपट्यांना तसंच सरळ करतं. सरळ झालेली शेपटी कमी जागा घेते आणि सगळा थर आक्रसतो. यालाच मी दाटण्याचा परिणाम म्हणते. १९२५ साली लीथ्स यांनी लेसिथिन (हेही फॉस्फोलिपिडच) आणि कोलेस्टेरॉलच्या थरांवर तो नोंदवला. त्याच वर्षी गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरली आणि पेशीच्या पृष्ठाच्या दुप्पट जागा भरते असं मोजून, पटल दुहेरी असल्याचं सांगितलं. पेशीपटलाची आपली आजची समज या दोन साध्या, पाण्यावर केलेल्या मापांपासून सुरू होते.

दाटण्यामागचं दुसरं कारण डोक्यांचं आहे. कोलेस्टेरॉलचं छोटं डोकं त्याच्या चार कड्यांना पाण्यापासून झाकायला पुरत नाही, म्हणून ते शेजारच्या फॉस्फोलिपिडच्या मोठ्या डोक्याखाली आसरा घेतं, पावसात एका छत्रीखाली दोघं शिरतात तसं. छत्र्या कमी पडल्या की उरलेलं कोलेस्टेरॉल वेगळं होऊन त्याचे स्फटिक बनतात. फॉस्फॅटिडिलकोलिनच्या (डीपीपीसी, पीओपीसी याच गटातले) दुहेरी थरात ही मर्यादा सुमारे ६६ मोल टक्के, म्हणजे रेणूंच्या संख्येने मोजलेले टक्के, आहे, म्हणजे एका छत्रीखाली दोन.

एक खुलासा करते, कारण हा विषय काढला की घरचे लोक हमखास विचारतात. शेंगदाणा तेल खावं की नाही, अंड्याचा बलक वगळावा की नाही, याचं उत्तर या प्रयोगात नाही. रक्ततपासणीच्या कागदावरचा आकडा म्हणजे रक्तातून वाहून नेलं जाणारं कोलेस्टेरॉल. आपण बोलतोय ते पटलात बसलेल्या कोलेस्टेरॉलबद्दल. तांबड्या रक्तपेशीच्या पटलातल्या लिपिडमध्ये ते मोलच्या हिशोबाने जवळजवळ निम्मं असतं आणि त्याच्याशिवाय ती पेशी टिकत नाही.

परातीतला पहिला धडा

ट्रफ नसेल तरी हे करा, आणि असेल तरी एकदा कराच. स्टीलची मोठी परात साबणाने घासून, भरपूर पाण्याने धुऊन, काठोकाठ भरा. वर टाल्कम पावडर चिमटीने अगदी विरळ भुरभुरा. शिवणाच्या सुईचं टोक तेलात बुडवा, पुसून काढा आणि उरलेल्या नुसत्या ओलाव्याने पाण्याच्या मधोमध स्पर्श करा. पावडर काठाकडे पळते आणि मधे आरशासारखी स्वच्छ जागा उघडते. पूर्ण थेंब टाकू नका. एका थेंबात २० चौरस मीटरच्या वर जागा झाकण्याइतकं तेल असतं, परात कुठे पुरणार? बेंजामिन फ्रँकलिन यांनी इंग्लंडमधल्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर एक चमचा तेलात अर्धा एकर पाणी शांत केलं होतं. भागाकार केला तर त्या थराची जाडी दोन-अडीच नॅनोमीटर येते, म्हणजे एका रेणूची उंची.

आता स्टीलची पट्टी परातीच्या दोन्ही काठांना टेकवून सरकवा आणि मोकळी जागा आक्रसताना पहा. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात आग्नेस पॉकेल्स यांनी घरकाम सांभाळत अशाच साध्या पात्रात, सरकत्या पट्टीने, पृष्ठताण मोजला. कुठल्याही विद्यापीठाची पदवी नसताना त्यांनी लॉर्ड रॅली यांना पत्र लिहिलं आणि ते १८९१ साली ‘नेचर’मध्ये छापून आलं. इर्व्हिंग लँगम्युअर यांनी त्याच पात्रावर पुढचं काम केलं आणि १९३२ चं नोबेल मिळवलं. आजच्या ट्रफला त्यांचं नाव आहे. माझ्या वर्गात मात्र पहिलं नाव पॉकेल्सबाईंचंच येतं.

पाणी आणि ट्रफ

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. घरचा आरओ क्षार कमी करतो, पण आपल्याला नको असलेले पृष्ठावर तरंगणारे सेंद्रिय अंश त्यात शिल्लक राहू शकतात. १८.२ मेगाओहमचं अतिशुद्ध पाणी मिळत असेल तर तेच वापरा. नसेल तर काचेच्या उपकरणात दोनदा ऊर्ध्वपातन करा आणि पहिल्या वेळी थोडं अल्कलीयुक्त पोटॅशियम परमँगनेट घाला, सेंद्रिय घाण त्यात जळते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी साठवू नका.

टेफ्लॉनचा ट्रफ आणि बॅरियर (थर दाबणाऱ्या सरकत्या पट्ट्या) क्लोरोफॉर्मने, मग इथेनॉलने पुसून घ्या आणि शुद्ध पाण्याने पाच-सहा वेळा धुवा. हातात मोजे असू द्या. केसांना लावलेलं खोबरेल कपाळावर येतं, कपाळ पुसलेला हात बॅरियरला लागतो आणि अख्खी सकाळ वाया जाते. असं माझ्याकडे इतक्या वेळा झालंय की ट्रफच्या खोलीत डोक्याला रुमाल बांधायचा नियमच केला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जिनिंगचा हंगाम असतो, तेव्हा हवेतून कापसाचा तूस येतो. खिडकी बंद हवी, पंखाही बंद. ट्रफवर झाकण हवं.

पाणी भरा, कडेपेक्षा किंचित वर फुगू द्या. काहीही न पसरता बॅरियर पूर्ण मिटवा. दाब ०.२ मिलिन्यूटनपेक्षा जास्त वाढला तर पृष्ठावर घाण आहे. मिटलेल्या बॅरियरमधला पाण्याचा वरचा पापुद्रा काचेच्या बारीक नळीने पंप लावून ओढून घ्या, बॅरियर उघडा, पुन्हा मिटवा. दाब सपाट येईपर्यंत हे करत रहा. तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही दाब चढत असेल तर पाणीच बदला.

दाब मोजणारी विल्हेल्मी पट्टी प्लॅटिनमची असेल तर ज्योतीत लाल करून घ्या. गाळणकागदाची असेल तर आधी पाण्यात नीट भिजू द्या. २० अंशांना शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७२.८ मिलिन्यूटन असतो, २५ ला ७२. तुमचं यंत्र हे दाखवत नसेल तर पुढे जाऊ नका. थराचा दाब म्हणजे शुद्ध पाण्याच्या ताणातून थर असतानाचा ताण वजा केला की जे उरतं ते, त्यामुळे पाया चुकला की सगळं चुकलं.

आपल्या कोरड्या हवेत आणखी एक गोष्ट होते. तासाभरात पाणी उडून पातळी उतरते. ०.२ मिलिमीटर जाडीची पट्टी असेल आणि पातळी १ मिलिमीटर उतरली तर पट्टीवरची उद्धरण शक्ती कमी होते आणि दाब जवळजवळ १ मिलिन्यूटनने कमी दिसतो. खोलीत कूलर लावून हवा दमट करण्याचा मोह होतो, पण कूलरच्या तुषारांबरोबर क्षार आणि शेवाळ येतं. त्यापेक्षा ट्रफच्या झाकणाखाली, ट्रफला न लागता, ओल्या कापडाच्या पट्ट्या ठेवा आणि एक आयसोथर्म, म्हणजे एका तापमानाचा दाब-जागा आलेख, अर्ध्या-पाऊण तासात संपवा.

द्रावण: इथेच बहुतेक चुका होतात

डीपीपीसीचा रेणुभार ७३४, पीओपीसीचा ७६०, कोलेस्टेरॉलचा ३८६.६५. प्रत्येकाचं १ मिलिमोलर द्रावण क्लोरोफॉर्ममध्ये बनवा, म्हणजे १० मिलिलिटरमध्ये डीपीपीसी ७.३४ मिलिग्रॅम. कोलेस्टेरॉल स्वस्त आहे, त्याचे १९.३ मिलिग्रॅम ५० मिलिलिटरमध्ये घ्या. कमी वजन केलं की तराजूची चूक मोठी होते. दोन्ही द्रावणं सारख्या मोलर तीव्रतेची असली की ७ भाग एक आणि ३ भाग दुसरं मिसळलं की थेट ७:३ मोल प्रमाण मिळतं.

वजनाने ७:३ मिसळू नका. कोलेस्टेरॉलचा रेणू हलका आहे, त्यामुळे डीपीपीसीत वजनाने ३० टक्के म्हणजे मोलच्या हिशोबाने सुमारे ४५ टक्के होतात. ही चूक मी छापील प्रबंधात पाहिलेली आहे, आणि त्यावर काढलेले सगळे निष्कर्ष एका पायरीने सरकलेले होते. मिश्रण आधी बाटलीतच करा. फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल पाण्यावर वेगवेगळे पसरले तर ते नीट मिसळलेच याची खात्री नसते.

आता खानदेशातला खरा शत्रू: क्लोरोफॉर्मचं उडून जाणं. मे महिन्यात बाटली उघडली की वाफ दिसते. समजा द्रावणातला ५ टक्के क्लोरोफॉर्म उडाला. सुईत तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त रेणू येतात, पण भागाकार तुम्ही जुन्या आकड्याने करता. म्हणून प्रति रेणू जागा फुगलेली दिसते. मिश्रणाची बाटली उडाली असेल तर दाटण्याचा परिणाम झाकला जातो. शुद्ध लिपिडची बाटली उडाली असेल तर तो नसताना दिसतो किंवा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. म्हणजे एकच चूक कुठल्या बाटलीत झाली त्यावर निष्कर्ष उलट. यावर उपाय एकच: लहान बाटल्या, टेफ्लॉनचं बूच, आणि प्रत्येक वापराआधी आणि नंतर बाटलीचं वजन वहीत.

तापमानाचाही हिशोब धरा. क्लोरोफॉर्म दर अंशाला सुमारे ०.१३ टक्का प्रसरण पावतो. उणे २० अंशांच्या फ्रीजरमधून काढलेली बाटली ३५ अंशांच्या खोलीत थंड असतानाच वापरली तर ५५ अंशांचा फरक पडतो, म्हणजे ७ टक्के. बाटली बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उघडी बाटली थंड असताना हवेतली वाफही आत धरते.

मागवतानाही ऋतू पहा. एका मे महिन्यात मागवलेल्या पीओपीसीच्या कुप्या शनिवार-रविवार कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात पडून होत्या. बर्फ कधीच विरघळला होता. दुहेरी बंध असलेलं लिपिड ऑक्सिजनने बिघडतं, आणि उष्णतेत लवकर बिघडतं. ते आलेख आम्हाला तीन आठवडे छळत राहिले: कमी दाबाला जागा जास्त, जास्त दाबाला कमी, आणि दोन आलेख एकावर एक कधीच बसले नाहीत. आता पीओपीसी मी डिसेंबरातच मागवते. डीपीपीसीची पूड दणकट असते. कोलेस्टेरॉलही जुनं झालं की ऑक्सिडाइज होतं आणि मग पूर्वीसारखं दाटवत नाही. पिवळट दिसलं की टाकून द्या.

पसरवणे

किती मायक्रोलिटर घ्यायचे? समजा तुमचा ट्रफ पूर्ण उघडल्यावर २४० चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे २.४ गुणिले १० चा १८ वा घात इतके चौरस अँगस्ट्रॉम. सुरुवातीला प्रत्येक रेणूला १०० चौरस अँगस्ट्रॉम द्यायचे तर २.४ गुणिले १० चा १६ वा घात इतके रेणू लागतील, म्हणजे ४० नॅनोमोल. १ मिलिमोलर द्रावणात १ मायक्रोलिटरला १ नॅनोमोल, म्हणून ४० मायक्रोलिटर. डीपीपीसीला हे पुरतं. पीओपीसी आधीपासूनच जागा मागतं, त्याला १३० द्या, म्हणजे ३१ मायक्रोलिटर. नुसत्या कोलेस्टेरॉलचा दाब ४० चौरस अँगस्ट्रॉमच्या आसपास एकदम उभा चढतो, त्याला ६० पुरेत, ६६ मायक्रोलिटर.

काचेची मायक्रोलिटर सिरिंज घ्या, क्लोरोफॉर्मने दहा वेळा धुवा, बुडबुडा राहू देऊ नका. सुई पाण्याच्या पृष्ठापासून मिलिमीटरभर वर धरा. दट्ट्या हळूच दाबला की टोकाला थेंब लोंबतो. तो पडू द्यायचा नाही, नुसता पाण्याला टेकवायचा. टेकताक्षणी तो चपटा होऊन पाण्यावर सरपटतो, कडेला क्षणभर इंद्रधनुष्यी झाक येते आणि पुसली जाते. थेंब उंचावरून पडला तर क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड, थेंब तळाशी जाऊन मोत्यासारखा बसतो. त्यातलं लिपिड तुमच्या हिशोबात राहतं आणि थरात येत नाही. तळाशी एकही मोती दिसला की पाणी ओतून पुन्हा सुरुवात करायची, ‘चालून जाईल’ म्हणायचं नाही. एक थेंब पूर्ण पसरल्यावर दुसरा, आणि दरवेळी वेगळ्या जागी. सगळे टाकून झाले की क्लोरोफॉर्म उडायला १० ते १५ मिनिटं थांबा. (क्लोरोफॉर्मची वाफ अंगावर घेऊ नका. पंखा बंद असतो, म्हणून थांबताना खोलीबाहेर जा आणि दार लावून घ्या.)

दाबणे आणि वाचणे

बॅरियर हळू चालवा, प्रति रेणू मिनिटाला ५ चौरस अँगस्ट्रॉमच्या आसपास. घाईत दाबलं तर रेणूंना जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही.

पहिला आलेख नेहमी शुद्ध डीपीपीसीचा, २० ते २२ अंशांना. दाब ९०-१०० चौरस अँगस्ट्रॉमच्या सुमाराला शून्यावरून उठतो, ४-५ मिलिन्यूटनला सपाट पायरी येते, मग चढ. ३० मिलिन्यूटनला जागा ४५ ते ४८ च्या दरम्यान, आणि थर सत्तरच्या आसपास मोडतो. हे तीनदा एकसारखं आलं की मगच पुढे जा. त्या सपाट पायरीवर विस्कळीत शेपट्यांच्या थरात ताठ शेपट्यांची बेटं उगवत असतात. ब्रूस्टर कोनाचा सूक्ष्मदर्शक असेल तर ती बेटं डोळ्यांनी दिसतात. दोन-एक टक्के कोलेस्टेरॉल मिसळलं की या बेटांना वेटोळ्यांसारखे बाक येतात. ते चित्र पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी जेवायला घरी उशिरा गेले होते.

मग मालिका: ०, १०, २०, ३०, ४०, ५० आणि १०० टक्के कोलेस्टेरॉल, प्रत्येकाचे किमान तीन आलेख. डीपीपीसीत कोलेस्टेरॉल वाढवत नेलं की पायरी तिरपी होते, आखूड होते, आणि ३० टक्क्यांच्या मिश्रणात शोधूनही सापडत नाही. बेटं आणि समुद्र हा भेदच पुसला जातो. थर ना पूर्ण पातळ, ना पूर्ण घट्ट: शेपट्या ताठ, पण रेणू एकमेकांशेजारून सहज सरकणारे. यालाच सुव्यवस्थित द्रव अवस्था म्हणतात.

इथे एक गफलत होते. विद्यार्थी डीपीपीसीवर ३० मिलिन्यूटनला दाटण्याचा परिणाम शोधतात आणि फारसा मिळत नाही म्हणून निराश होतात. तिथे डीपीपीसीच्या शेपट्या आधीच ताठ आहेत. रचलेल्या कडब्यात बांबू खोचून आणखी काय दाटणार? तिथे कोलेस्टेरॉल उलट काम करतं, ताठ थराला ढिला करून वाहता करतं. पृष्ठाची चिकटता कितीतरी पटींनी उतरते. दाटणं पाहायचं असेल तर ते पायरीच्या खाली पहा, किंवा पीओपीसी घ्या.

हिशोब

पीओपीसी आणि कोलेस्टेरॉल ७:३, दाब ३० मिलिन्यूटन. हाच दाब निवडण्याचं कारण असं की ३० ते ३५ मिलिन्यूटनला एकेरी थराची दाटी पेशीच्या दुहेरी थरासारखी असते. पद्धत कळावी म्हणून सोपे आकडे घेते. शुद्ध पीओपीसीची जागा ६४, कोलेस्टेरॉलची ३८. दोघं एकमेकांना ओळखत नसतील तर ०.७ गुणिले ६४ अधिक ०.३ गुणिले ३८, म्हणजे ५६.२. समजा तुम्हाला मोजून ५१ मिळाले. फरक उणे ५.२ चौरस अँगस्ट्रॉम. ऋण आकडा म्हणजे थर दाटला.

आता याच आकड्यावर मघाची उडालेली बाटली लावून बघा. मिश्रणाच्या बाटलीतून ५ टक्के क्लोरोफॉर्म गेला असता तर ५१ च्या जागी ५३.७ वाचले असते आणि निम्मा परिणाम गायब झाला असता. ४० मायक्रोलिटरमध्ये १ मायक्रोलिटरची चूक म्हणजे अडीच टक्के, सव्वा चौरस अँगस्ट्रॉम. म्हणून तीन आलेखांची सरासरी आणि त्यांच्यातला फरक, दोन्ही लिहा. तुमची चूक फरकापेक्षा मोठी असेल तर ‘परिणाम आढळला’ असं लिहू नका.

हीच वजाबाकी ५, १०, १५ असं करत ३० पर्यंतच्या प्रत्येक दाबाला करा आणि त्या वक्राखालचं क्षेत्रफळ काढा, की मिसळण्याची अतिरिक्त ऊर्जा मिळते. रूपांतर सोपं आहे: १ चौरस अँगस्ट्रॉम गुणिले १ मिलिन्यूटन म्हणजे मोलमागे ६ जूल. फरक सगळीकडे उणे ५ धरला तर ३० मिलिन्यूटनपर्यंत उणे १५०, म्हणजे मोलमागे सुमारे उणे ९०० जूल. २५ अंशांना रेणूंच्या उष्ण हालचालीची ऊर्जा, म्हणजे आरटी, मोलमागे सुमारे २४८० जूल. आपला आकडा तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त. म्हणजे ही जवळीक खरी आहे, पण रासायनिक बंधासारखी पक्की नाही. रेणू जोड्या बदलत राहतात.

दुसरं माप थराच्या ताठपणाचं. जागा गुणिले दाबातला बदल, भागिले जागेतली घट. ५० चौरस अँगस्ट्रॉमच्या आसपास जागा १ ने घटल्यावर दाब ४ ने वाढला तर ताठपणा २००. साधारणपणे ५० च्या खाली विस्कळीत थर, १०० ते २५० दाट द्रव, त्याच्या वर घनासारखा. कोलेस्टेरॉल वाढवत नेताना पीओपीसीच्या थरात हा आकडा चढत जातो, आणि जागेच्या फरकापेक्षा इथे परिणाम जास्त ठळक दिसतो. शिवाय तीव्रतेतली चूक इथे आपोआप कटते, कारण तीच चूक वर आणि खाली दोन्हीकडे असते. आपल्या हवामानात मी म्हणूनच या मापावर जास्त विश्वास ठेवते. फक्त आकडे आधी थोडे गुळगुळीत करून घ्या, नाहीतर यंत्राच्या आकड्यांतली थरथरच ताठपणा म्हणून वाचाल.

शेवटी थर मोडण्याचा दाब पहा. नुसतं कोलेस्टेरॉल चाळिशीत मोडतं, डीपीपीसी सत्तरच्या आसपास. मिश्रणाचा थर दोन वेगळ्या टप्प्यांत, त्याच दोन दाबांना मोडत असेल तर दोघं मिसळलेलेच नाहीत. एकाच दाबाला मोडत असेल आणि तो दाब प्रमाणाबरोबर सरकत असेल, तर मिसळलेले आहेत.

वेळापत्रक

थंड पाणी फिरवणारं यंत्र असेल तर ऋतूची काळजी कमी, पण वीज गेली की ट्रफमधल्या पाण्याचं तापमान चढू लागतं, म्हणून पाण्यातच बुडवलेला थर्मामीटर हवा आणि प्रत्येक आलेखावर त्याचा आकडा हवा. भिंतीवरचा चालणार नाही. यंत्र नसेल तर डीपीपीसीचं काम डिसेंबर-जानेवारीत, पहाटे. उन्हाळ्यात पीओपीसी करा. त्याला खोलीच्या तापमानात पायरीच नसते, त्यामुळे तीन-चार अंशांच्या फरकाने आलेख सरकतो, पण त्याचं रूप बदलत नाही.

त्या विद्यार्थ्याने मे महिन्यातले सगळे आलेख टाकले नाहीत. प्रत्येकावर पाण्याचं तापमान लिहून ते वेगळ्या फायलीत लावले. जानेवारीत पहाटे साडेपाचला तो मफलर गुंडाळून आला. पाणी २१ अंश. पायरी ५ मिलिन्यूटनच्या जरा खाली आली, तीनदा. मग त्याने ३० टक्के कोलेस्टेरॉलची बाटली तराजूवर ठेवली, कालचं वजन वहीत पाहिलं, आणि सिरिंज धुवायला घेतली.